हयातीचा दाखला

बाबांचा अंगठा लागत नव्हता.

नोव्हेंबर महिना, दुपारचे साडेबारा, नौपाड्यातली एक बँक. काउंटरवरच्या काडेपेटीएवढ्या यंत्रावर बाबा अंगठा ठेवत होते आणि यंत्र नाही म्हणत होतं. ८४ वर्षांत रेषा झिजल्या असणार. काउंटरवरची मुलगी गोड होती. "आजोबा, जरा दाबून." मग, "आजोबा, दुसरं बोट." मागून कुणीतरी सल्ला दिला, बोट केसांवरून फिरवा, जरा तेल लागतं. बाबांच्या डोक्यावर केस नाहीत. त्यांनी शेजारच्या गृहस्थांच्या भरघोस डोक्याकडे एकदा पाहिलं आणि हात खिशात घातला.

तेवढ्यात सर्व्हर गेला. बसा म्हणाले, बसलो. मी पिशवीतून पुस्तक काढलं.

माझी एक खोड आहे. अवघड पुस्तकं मी घरी वाचत नाही. घरी कुकर असतो, बेल असते, फोन असतो. अवघड पुस्तकाला रांग लागते, म्हणजे जिथून उठून जाता येत नाही अशी जागा. थॉमस पिंचन हा अमेरिकन कादंबरीकार मी असाच वाचलाय. ठाणे-व्हीटी लोकलमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे, शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत. आणि वाचलाय तोही जो वाचायचा असतो तो नाही. त्याचा तो प्रसिद्ध ७६० पानी 'ग्रॅव्हिटीज रेनबो' माझ्याकडे आहे. चारदा सुरू केला, चारदा लंडनच्या धुरळ्यात हरवले. त्या पुस्तकाचं 'नवनीत'सुद्धा निघालंय, पानापानाला कोण कुठला ते सांगणारं. शाळेत गाइड वापरलं नाही, ते आता कुठे वापरू? सध्या तो लॅपटॉपखाली असतो. मान दुखायची थांबली.

मी वाचते ते 'व्हाइनलँड'. म्हणजे पडेल पिंचन. आधीच्या कादंबरीनंतर १७ वर्षांनी, १९९० साली हे पुस्तक आलं आणि बऱ्याच समीक्षकांचा चेहरा पडला. एवढं थांबलो ते यासाठी? मराठी वाचकाला यात फारसं काही वाटू नये. आपण नेमाड्यांच्या 'झूल'नंतर 'हिंदू'साठी ३१ वर्षं थांबलेली माणसं. (पिंचनची पहिली कादंबरी १९६३ची, 'कोसला'ही १९६३चीच. यातून काही सिद्ध होत नाही, पण मला हे उगाचच आवडतं.) ज्यांनी तेव्हा कौतुक केलं त्यांत सलमान रश्दी होते. आयुष्यभर आपणहून लपलेल्या लेखकाच्या पुस्तकावर, फतव्यामुळे जबरदस्तीने लपावं लागलेला लेखक लिहीत होता. पुस्तकापेक्षा मला तो प्रसंगच जास्त पिंचनचा वाटतो.

"काय वाचतेस?" बाबांनी विचारलं.

"एक माणूस आहे. दरवर्षी काचेच्या खिडकीतून उडी मारतो."

"का?"

"वेडा असल्याचं दाखवायला. चारचौघांत वेडेपणा केला नाही तर सरकारकडून येणारा चेक बंद."

बाबांनी विचार केला. ते पाटबंधारे खात्यात होते, नियमांबद्दल त्यांना आदर आहे. "दरवर्षी? एकदा सिद्ध झालं की झालं ना?"

"नाही. दरवर्षी."

"म्हणजे तिकडेही तसंच," असं म्हणून ते समाधानाने टोकनच्या पाटीकडे बघू लागले.

आम्ही ठाण्याची माणसं, वेड्यांवरचे विनोद आम्हाला फुकट मिळतात. मे महिन्यात साताऱ्याला मामाकडे गेलं की पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारायचंच, "ठाण्याची का? भिंतीच्या आतली की बाहेरची?" १९०१ सालचं वेड्यांचं इस्पितळ, पण उभ्या महाराष्ट्रात शहराची ओळख तेवढीच. बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी इथे येऊन थांबली, विनायक लक्ष्मण भाव्यांनी १८९३ साली इथे मराठी ग्रंथ संग्रहालय काढलं, हे मी मामेभावांना तावातावाने सांगायचे. ते म्हणायचे, बघा, सुरू झाली.

वागळे इस्टेटकडे जाणाऱ्या बसमधून ती भिंत लागली की मी आणि दादा खाली वाकायचो. का, कोण जाणे. आतल्यांनी आपल्याला बघू नये म्हणून असेल. एका रविवारी बस तिथल्या स्टॉपवर थांबली आणि आम्ही वाकलेलो असतानाच बाबा उठून उतरले. हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा. आई आम्हाला घेऊन पुढे गेली, आत्याकडे. संध्याकाळी बाबा घरी होते आणि डबा घासून पालथा घातलेला होता. असे रविवार किती झाले मला आठवत नाही. त्यानंतर साताऱ्याचा तो विनोद कुणी केला की आई उठून पाणी आणायला जायची, हे मात्र आठवतं.

असो.

पहिल्यांदा 'व्हाइनलँड' वाचली तेव्हा मी २३ वर्षांची. फोर्टच्या फुटपाथवरून ९० रुपयांना घेतलेली, मुखपृष्ठ फाटकं. नुसती हसले होते. झॉइड व्हीलर नावाचा तो माणूस बायकी फ्रॉक घालून, हातात लाकूड कापायची करवत घेऊन उडी मारायला निघतो, तर टीव्हीवाले दुसऱ्याच ठिकाणी वाट बघत बसलेले. उडी मारतो, तर काच साखरेची! सिनेमातली, लागू नये म्हणून बसवलेली. रात्री टीव्हीवर तज्ज्ञ त्याच्या उडीच्या तंत्राची चर्चा करतात.

दुसऱ्यांदा वाचली तेव्हा माझी मुलगी १४ वर्षांची होती, झॉइडच्या मुलीएवढी. त्या मुलीची, प्रेअरीची, आई तिला तान्ही टाकून गेलेली, सरकारची खबरी झालेली. त्या खेपेला मला विनोद दिसलेच नाहीत. त्या बाईचा इतका राग आला की दोनदा पुस्तक मिटलं. तेवढ्यातच एक गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली. वर्षाला एक उडी ही नुसती वेडाची तपासणी नाही. तिच्यामुळे हा माणूस कुठे आहे, गप्प आहे ना, हे वरच्यांना कळत राहतं. उडी म्हणजे हजेरी. मुलीला सांभाळायला मिळावं म्हणून बाप दरसाल हजेरी लावतो. २३व्या वर्षी हे मला दिसलं नव्हतं. बहुतेक तेव्हा मी मुलुंड आलं का ते बघत असेन.

आता ही तिसरी खेप. २०२५ साली पॉल थॉमस अँडरसनने याच पुस्तकावरून सैलसर सुचलेला सिनेमा काढला, तेव्हापासून लोक मला हे पुस्तक मागायला लागलेत. देत नाही. पडेल पुस्तकावर आपला हक्क असतो. इतकी वर्षं ते कुणाला नको होतं तेव्हा मी त्याला रांगेत घेऊन बसले होते.

या पुस्तकात थॅनटॉइड म्हणून एक जमात आहे. धड मेलेले नाहीत, धड जिवंत नाहीत. कुणीतरी केलेल्या अन्यायाची बाकी वसूल व्हायची राहिलीय म्हणून अडकलेले, आणि तोवर टीव्ही बघत बसलेले. मी मान वर केली. बँकेत १५-२० आजी-आजोबा, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत पासबुकं, सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या लाल आकड्यांवर. ४७वर अडकलेला आकडा. जिवंत आहोत हे यंत्राने मान्य करायची वाट बघत बसलेले. मला हसू फुटलं आणि लगेच लाज वाटली. पुस्तक मिटलं, खूण म्हणून टोकनचा कागद घातला.

पावणेदोनला सर्व्हर आला. बाबांची आठ बोटं झाली. नवव्याला, डाव्या करंगळीला, यंत्र हो म्हणालं. "झालं आजोबा, पुढच्या नोव्हेंबरला या." बाबांनी करंगळीकडे नीट बघितलं, जणू ती आजवर घरात कुणाच्या लक्षातच न आलेली धाकटी मुलगी होती.

रिक्षात गोखले रोडच्या गर्दीत अडकलो. बाबा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं थकले.

"त्या माणसाची काच साखरेची होती म्हणालीस?"

हे मी त्यांना कधी सांगितलं ते मला आठवेना. सांगितलं असेन.

"हो."

"मग फुटल्यावर कुणी खाल्ली का?"

तीनदा वाचलंय. मला आठवेना. पिशवीत हात घातला, पुस्तक काढलं आणि टोकनच्या बरंच मागे जाऊन शोधायला लागले.