कोणाच्या मर्जीवर?

कपाटावर एकावर एक रचलेली पुस्तकं जराशी कलली, की इंग्रजीत त्यांना ‘प्रिकेरिअस’ म्हणतात. आपण डळमळीत म्हणू. परिस्थितीला लावायचं तर अधांतरी, बेभरवशाची. मलाही या शब्दात बरीच वर्षं फक्त पडण्याची भीती दिसायची. मुळाशी गेलो, तर तिथे पडण्याचा संबंधच नाही! तिथे एक माणूस हात जोडून उभा आहे.

लॅटिनमध्ये ‘प्रेक्स’ म्हणजे विनवणी, प्रार्थना. इंग्रजी ‘प्रेअर’ त्याच घरातला. आणि ‘प्रेकारिउस’ म्हणजे विनवणी करून मिळवलेलं. रोमन कायद्यात ‘प्रेकारिउम’ नावाचा व्यवहारच होता. कोणी गयावया केली म्हणून मालकाने जमीन किंवा वस्तू वापरायला द्यायची. भाडं नाही. देणाऱ्याच्या मनात असेल तोवर वापरा, एवढीच काय ती मुदत. उल्पियन या कायदेपंडिताने केलेली ही व्याख्या 533 साली निघालेल्या सम्राट जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’ या कायदेसंग्रहात आजही वाचायला मिळते. गंमत पुढेच आहे. तिसराच कोणी ती जमीन बळकावू लागला, तर कायदा विनवणी करून ती घेणाऱ्याच्या पाठीशी उभा राही. पण देणाऱ्यानेच परत मागितली, तर निमूट उठायचं.

सतराव्या शतकात शब्द इंग्रजीत आला तो दुसऱ्याच्या मर्जीवर टिकलेलं हाच अर्थ घेऊन. मग मर्जी गळाली, बेभरवसा उरला. बेभरवशाचा धोका झाला आणि शेवटी तो शिडीला, पुस्तकांच्या चळतीलाही चिकटला. चळत कोणाच्या मर्जीने उभी असते? मला तरी यात शब्दाचं नुकसानच वाटतं. नोकरी ‘प्रिकेरिअस’ आहे म्हटलं, की ती हवामानासारखी आपोआपच बिघडते असं वाटायला लागतं. ती कोणाच्या तरी हातात आहे, हे निसटून जातं.

‘प्रेक्स’ आणि संस्कृत ‘प्रच्छ्’ यांचं मूळ एकच. म्हणजे प्रश्न, पृच्छा आणि आपलं जुनं ‘पुसणे’ ही सगळी त्याची भावंडं. (फळा पुसतो ते पुसणं निराळं.) ‘विचारपूस’मधली पूस तीच. तिकडे मागणं झालं, इकडे विचारणं राहिलं.

हल्ली कोणी परिस्थिती ‘प्रिकेरिअस’ आहे म्हणालं, की माझ्या तोंडून पटकन निघतं, “कोणाच्या मर्जीवर?” समोरचा बहुधा गोंधळतो. क्वचित एखादा लगेच नाव सांगतो.