थरथरते हात आणि चोवीस काड्या

‘हात एवढे थरथरतात, तर कंदिलाचे हे काड्या-कात्रीचे उद्योग कशाला?’ नवरात्र संपलं की हा प्रश्न सुरू होतो. लिफ्टमध्ये, औषधाच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत. विचारणारी माणसं चांगली असतात. त्यातलीच काही पुढच्या वाक्यात विचारतात, ‘आमच्याही नातवंडांना घेऊन करण्यासारखं काहीतरी सोपं सांगा ना.’ म्हणजे मी करू नये, पण शिकवावं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पुन्हा लिफ्टमध्ये विचारू नका, आमची लिफ्ट लहान आहे.

आधी आजाराचं. मला पार्किन्सन नाही. पार्किन्सनमध्ये हात मांडीवर स्वस्थ पडलेला असताना जास्त हलतो. माझा उलटा प्रकार, डॉक्टर त्याला एसेन्शियल ट्रेमर म्हणतात. हात निवांत असला की शांत. कप उचलला, सही करायला पेन टेकवलं, सुईत दोरा ओवायला घेतला, की सुरू. कोणी टक लावून पाहत असेल तर आणखी. हा बऱ्याच घरांत पिढीजात असतो. माझ्या वडिलांचा चहा बशीत सांडायचा, तेव्हा आम्ही भावंडं हसायचो. आता मुलगा कधीकधी स्वतःची बोटं ताणून पाहतो. माझं लक्ष नाही असं त्याला वाटतं.

आणि मी कोण, तर आयुष्यभर सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारा. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, रोट्रिंगची पेनं. ट्रेसिंगवर रेघ चुकली तर ब्लेडने शाई खरवडायची, तीही अशी की कागदाला खबर लागू नये. दिवाळीचा कंदीलही मी तसाच करायचो. मुलगा लहान होता तेव्हा त्याला फक्त काड्या मोजायला द्यायचो. ‘शेजारी बस आणि बघ.’ तो बसायचा आणि बघायचा. मला त्याचं आजही फार वाईट वाटत नाही. कंदील देखणे व्हायचे.

तर कंदील. आमचा साधा, जुना. वीतभर लांबीच्या चोवीस काड्या, सगळ्या अगदी सारख्या. चार-चार काड्यांचे सहा चौकोन. चौकोनाचा कोपरा दुसऱ्या चौकोनाच्या कोपऱ्याला बांधत गेलं की बारा सांधे होतात आणि मधल्या जागी आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. ते कोणी करावे लागत नाहीत. मुलांना हे फार आवडतं, मलाही अजून आवडतं. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, वायरीला आणि हवेला. बाकीच्यांवर पतंगाचा कागद. खाली झिरमिळ्या.

कागद चिकटवायची खळ घरी करतो. मैदा गार पाण्यात कालवायचा, गुठळ्या मोडायच्या आणि मंद आचेवर घोटत राहायचं. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, झुरळं लागू नयेत म्हणून. ते विष आहे, मुलं बोटं चाटतात, म्हणून आमच्या खळीत नाही. दोन दिवसांत आंबते, मग नवी करायची.

आता ती दिवाळी. नात सात वर्षांची. चौकोन तिने आणि मी मिळून केले होते. काड्या तिने धरायच्या, गाठी मी मारायच्या. एका कोपऱ्याला पाच-पाच मिनिटं लागत होती, पण घाई कुणाला होती? वसुबारसेच्या संध्याकाळी सहा चौकोन जमिनीवर मांडलेले, बारातले चार सांधे झालेले. पाचव्या सांध्याला मुलाचा मित्र सहकुटुंब आला. फराळाच्या बश्या बाहेर आल्या आणि सगळे आमच्याभोवती बसले. सहा-सात माणसं. बघत.

दोरा काडीवरून निसटला. पुन्हा घेतला, पुन्हा निसटला. सून म्हणाली, ‘बाबा, नंतर करा ना.’ ही आतून म्हणाली, ‘चहा गार होतोय.’ मी ऐकलं नाही, कारण आता थांबणं म्हणजे हरणं. हात असा हलायला लागला की नातीने धरलेली काडीही हलू लागली. तेव्हा तो मित्र पुढे सरकला. ‘काका, द्या इकडे.’ अगदी मायेने म्हणाला, हे मुद्दाम सांगतो. माझ्या हातातून दोरा घेतला, नातीच्या हातातून काड्या घेतल्या. इंजिनिअर माणूस. दहा-पंधरा मिनिटांत आठ सांधे, एकही ढिला नाही. मग म्हणाला आता हातासरशी कागदही लावून टाकू. कात्रीने कडा सरळ कापल्या, त्रिकोणांत पिवळा, चौकोनांत लाल. मी कापल्या असत्या तशाच. मी म्हणजे चाळिशीतला मी.

मी आणि नात शेजारी शेजारी बसून बघत होतो. तिने एकदा खळीच्या वाटीकडे हात नेला. ‘सांडेल हं,’ तो म्हणाला. तिने हात मागे घेतला.

कंदील गॅलरीत लागला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे गेले आणि मी मुलाला म्हटलं, ‘उतरव तो.’ मुलगा म्हणाला, ‘बाबा, त्याने मदत केली.’ मी म्हटलं, ‘मदत मागितली कुणी होती?’ मग आवाज चढले. त्यात काड्या मोजायला बसवलेल्या त्याच्या लहानपणाचा हिशेबही निघाला, तो निघणारच होता. ही म्हणाली, सणाचे दिवस आहेत, दारं तरी लावा. कंदील उतरला नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत लटकला आणि येणारा-जाणारा नातीचं कौतुक करत राहिला. ती कुणाला काही बोलली नाही. मीही नाही.

त्या मित्राचं काही चुकलं का? कुठल्याही मापाने नाही. मीही त्या वयात तेच केलं असतं, केलंही होतं, पोटच्या पोरालाच. मुलगा हे बोलून दाखवतो. माझ्याकडे उत्तर नाही, पण राग आहे, आणि उत्तर नाही म्हणून राग जात नाही.

त्यानंतर गाठी मारणं सोडलं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी केली. त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीने जोडायची त्यांची जुनी युक्ती आहे. नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, दोन्ही टोकांनी एकेक काडी आत. झाला कोपरा. आम्ही खराट्याच्या काड्या घेतो, त्या त्या नळीत घट्ट बसतात. चोवीस काड्यांना चोवीस तुकडे, मग दोन-दोन कोपरे एकत्र गुंडाळायला रबर बँड. थरथरत्या हाताने काडी नळीत घालता येते. एका हाताने नळी छातीशी धरायची आणि कोपर टेबलाला टेकवायचं. एवढंच तंत्र.

रबराचा सांगाडा मात्र लुळा पडतो. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकोन सोडतो, त्यामुळे अख्खा कंदील पिळवटून मिटतो. नात तो मुद्दाम मिटवते आणि उघडते, अर्धी दुपार त्यातच जाते. कागद लावून खळ वाळली की ताणला जाऊन ताठ होतो. कागद आम्ही कापत नाही, पट्टी दाबून फाडतो. फाटलेली कड वाकडी असते, पण ती कुणाच्याही हाताने वाकडीच येते.

आणि तुमच्या त्या ‘सोपं काय’ला उत्तर: चिखलाचा किल्ला. पोतं पसरा, विटा-दगड रचा, वर ओलं पोतं टाकून चिखल लिंपा, अळीव पेरा. चिखलाला हात थरथरलेला कळत नाही. दुसरं, जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे खळीने फुग्यावर चिकटवून वाळले की फुगा फोडा, वाटी मिळते. जिलेटिन कागद आणू नका, घसरतो आणि प्रत्येक थरथर दाखवतो. तयार किटही आणू नका. त्यात मुलाने फक्त स्टिकर लावायचं असतं आणि आजोबांनी फोटो काढायचा असतो.

खरं सांगायचं तर नळीचा कंदील मला पसंत नाही. त्यात कारागिरी नाही. गाठीला ताण असतो, रबराला नुसती पकड. माझ्यातला जुना ड्राफ्ट्समन दरवर्षी म्हणतो, ही पळवाट आहे. मी त्याला म्हणतो, मग तू बांध. तो गप्प बसत नाही, बारा सांध्यांतला एखादा तरी दोऱ्याने बांधायला लावतोच. तो बहुधा सुटतो. नात म्हणते, ‘आबा, तुझा सांधा सुटला,’ आणि नळी पुढे करते.

परवा मुलाने विचारलं, यंदा वसुबारसेला त्या मित्राला बोलावू ना? हो म्हटलंय. माणूस चांगला आहे. तो यायच्या आत सांगाडा उभा राहील आणि खळीची वाटी नातीपाशी असेल, एवढं मात्र मी बघणार आहे.