एकाच गावातली दोन हायस्कुलं

आमचं स्कूल डिस्ट्रिक्ट (इथल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा) पेनसिल्व्हेनियातलं, अगदी छोटं. हायस्कूल एकच. थोरली पिवळ्या बसने तिथे जाते आणि धाकटा डिस्ट्रिक्टच्याच सायबर, म्हणजे ऑनलाइन, प्रोग्रॅममधून घरी शिकतो. डिप्लोमा दोघांना एकाच नावाचा मिळणार.

एवढ्याशा डिस्ट्रिक्टने हा खटाटोप का करावा? 2002 च्या कायद्यापासून इथल्या सायबर चार्टर शाळांना (सरकारी पैशावर, पण डिस्ट्रिक्टपासून स्वतंत्र चालणाऱ्या ऑनलाइन शाळांना) परवानगी राज्याचं शिक्षण खातं देतं, पण मूल तिकडे गेलं की फी भरायची डिस्ट्रिक्टने, म्हणजे बरीचशी आमच्या घरपट्टीतून. मूल गेलं म्हणून बसची फेरी टळत नाही, की बायॉलॉजीच्या बाईंचा पगार वाचत नाही. स्वतःचा प्रोग्रॅम असला की मूलही राहतं, पैसाही राहतो. मला हे मनापासून पटतं.

धाकट्याला अर्धशिशी आहे. कॅफेटेरियातला कल्ला आणि डोळ्यांवर येणारे दिवे त्याला सोसत नसत. आता डोकं उतरलं की तो अकरा वाजता पडदे ओढून अल्जिब्रा करतो, आणि छान करतो. ही मोकळीक वर्गात मिळालीच नसती.

पण बायॉलॉजी! थोरलीने लॅबमध्ये मेंढीचं हृदय कापलं. घरी आली तर बाहीला औषधाचा उग्र वास. "आई, डावीकडची भिंत केवढी जाड असते गं, अंगठ्याने दाबली तरी दबत नाही!" धाकट्याने तेच हृदय माउसने कापलं. उत्तरं सगळी बरोबर आली, पण जेवताना त्याबद्दल एक शब्द नाही. राज्याच्या कीस्टोन परीक्षेला मात्र दोघं एकाच इमारतीत बसणार.

मॅथेमॅटिका या संस्थेच्या 2015 च्या अहवालात आहे की ऑनलाइन चार्टरमधल्या मुलांना आठवडाभरात शिक्षकांशी जेवढा थेट, लाइव्ह संपर्क मिळतो, त्याहून जास्त नेहमीच्या शाळेत एका दिवसात मिळतो. आमचा प्रोग्रॅम चार्टर नाही, पण उणीव तीच. थोरली गप्प बसली तर बँडच्या सरांच्या दुपारपर्यंत लक्षात येतं. धाकटा गप्प असला तरी स्क्रीनवर हजेरी हिरवीच.

इमारत आमचीच, लॅब आमचीच, बसही दारावरून जाते. सायबरच्या मुलांना आठवड्यातून एकदा लॅबला बोलवा, आणि प्रत्येकामागे त्याला ओळखणारे एक शिक्षक नेमा, एवढंच मी डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या पुढच्या मीटिंगमध्ये मागणार आहे. गावातल्या आणखी आयांनी यावं, ही विनंती.