राहुटीतले चौघे आणि एक बूट

आळंदीच्या वारीत वाटेवर जेवण वाढणारे हात इतके असतात की नको म्हणायची पाळी येते. पैठणहून पंढरपूरला निघणाऱ्या एकनाथांच्या पालखीत तशी ऐट नाही. शेवगाव तालुका ओलांडून बीडच्या माळाला लागलं की एखादं लिंबाचं झाड, एखादी टपरी, आणि टँकर कुठवर आला याची चौकशी. भिस्त सगळी दिंडीच्या ट्रकवर. म्हणून पहिली गोष्ट: ट्रकमध्ये आधी चढलेली पिशवी शेवटी उतरते. पथारी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळावी आणि पिशवीला लाल चिंधी बांधावी. शंभर काळ्या पिशव्यांत आपली काळी पिशवी शोधेपर्यंत इकडं हरिपाठ उरकलेला असतो.

राहुटीत शेजार कुणाचा मिळावा हे पांडुरंगाच्या हातात, आणि तो थट्टेखोर आहे. मला मिळाले मास्तर. रिटायर झालेले, आळंदीच्या पालखीत बरीच वर्षं चाललेले, त्यामुळं आमटी पातळ झाली की आळंदी, टँकर उशिरा आला की आळंदी. दुसऱ्या बाजूला चाकणच्या कंपनीतला इंजिनिअर पोरगा, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. आणि मधल्या पडद्यापलीकडं जिंतूरकडच्या मावशी. डोक्यावर तुळस, कमरेला मशेरीची डबी, चालणं असं की तरण्यांना दम लागावा. घोरणं मात्र पडद्याला जुमानत नाही.

पोराचा गजर साडेतीनचा. मावशी अडीचलाच उठणार आणि “उठा वं माऊली, टँकरवर रांग लागायलीय,” म्हणून सगळ्यांना उठवणार. चिडून उपयोग नसतो, कारण त्यांचं खरं असतं. तीनच्या पुढं टँकरवर बादलीला बादली लागते आणि काकड्याच्या वेळेला तुम्ही अंगाला साबण लावून उभे. मास्तर मात्र शांतपणे सगळ्यांच्या शेवटी जायचे, उरलेल्या पाण्यात अंघोळ करायचे आणि वर पाणी गार असल्याची तक्रार करायचे.

दिवस कुठला ते लवकरच कळेनासं होतं. तिथी मावशींना ठाऊक, तारीख पोराला, आणि दोघांचा मेळ बसत नाही. मिडसांगवीचं पहिलं रिंगण धुळीतून दिसलं तेवढं दिसलं.

मृदंगावरून झालेलं भांडण मात्र आठवतं. मृदंगाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावतात. सैलसर मळलेली, मधोमध पुरीएवढी. ती ओली असेतो आवाज खोल येतो. आभाळ कोरडं असलं की भर उन्हात तासाभरात ती तडकते आणि पोपडे पडतात, मग काढून नवी लावायची. आमचा मृदंगमणी दर विसाव्याला स्वयंपाकाच्या पिठातून मूठभर उचलायचा. पीठ मावशींच्या ताब्यात. “पोळ्या कमी पडल्या तर वाढप्यांनी काय मृदंग वाढायचा का?” यावर मास्तरांनी आळंदीच्या एका दिंडीतली तोड सांगितली: कणीक ओल्या फडक्यात बांधून डब्यात ठेवायची, पाण्याचं बोट लावून पुन्हा वापरायची. तोड चांगली निघाली, याचा मावशींना फार राग आला. पाऊस आला की उलट होतं. चामडं ओल धरतं, शाईच्या, म्हणजे उजव्या तोंडाचा सूर उतरतो, मग बाजूच्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी मारत बसा. मृदंगाला छत्री आधी, माणसाला नंतर.

रायमोह्याच्या पुढं गारमाथ्याचा चढ. त्या दुपारी पोराचा पाय गेला.

बूट नवे होते. नवा बूट वारीला आणूच नये. महिनाभर आधी रोज पाच-सहा किलोमीटर चालून तो पायात रुळवावा, आणि घेतानाच एक नंबर मोठा घ्यावा, कारण दिवसभर चालून पाय सुजतो. त्यात सुती मोजा. तो घाम पितो, सुकत नाही, आणि ओली कातडी घासून सुटते. बारीक वाळूचा एक खडा पुरतो. पोराच्या करंगळीवर पाण्यानं भरलेला फोड आणि टाचेवर दुसरा. घड्याळ म्हणत होतं, आजचं उद्दिष्ट पूर्ण, अभिनंदन. (पावली, म्हणजे टाळाच्या ठेक्यावर पुढं-मागं नाचणं, खेळताना मागं टाकलेलं पाऊलही ते पुढं चालल्यासारखंच मोजतं, हे मास्तरांनी पट्टीच्या परीक्षकाच्या आवाजात दाखवून दिलं होतं.)

मावशींचा उपाय सुई-दोरा: फोडातून दोरा ओवायचा आणि तसाच ठेवायचा, पाणी झिरपत राहतं. वारीत सगळे हेच करतात. पण रस्त्याची घाण त्याच दोऱ्यानं आत जाते. त्यापेक्षा सुई तापवून, स्पिरिटनं पुसून फोडाच्या कडेला खालच्या बाजूनं टोचावी, पाणी दाबून काढावं, वरची कातडी अजिबात सोलू नये, मलम लावून चिकटपट्टी मारावी. शुगरवाल्यानं तर स्वतः टोचूच नये, डॉक्टरकडं जावं. हे सगळं होईतो दिंडी पुढं निघून गेली. राहिलो आम्ही चौघं, डोक्यावर ऊन, आणि घटाघटा नुसतं पाणी पिऊन पोराला मळमळ. उपाय एकच, लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मास्तरांनी चमचा मोजून घातला. मावशी म्हणाल्या, “औषध करायलेत का वळण गिरवायलेत?”

चढाच्या पायथ्याला लिंबाखाली एक चांभार मामा वारकऱ्यांच्या चपला शिवत बसले होते. कुणाचा अंगठा, कुणाचा पट्टा. पैसे घेत नव्हते. त्यांनी पोराचा बूट हातात घेतला, आत बोटं घालून चाचपलं, आणि काही न विचारता रापीनं करंगळीच्या जागी कापायला घेतलं.

“अहो मामा, साडेचार हजाराचा आहे तो!”

“आन् पाय कितीचा हाय?”

अर्धचंद्र कापून झाला. कापलेल्या कडेला त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावून टाके घातले, धार लागू नये म्हणून. आरी आत जाताना दर टाक्याला ते दोरा मेणावरून ओढून घेत होते. टाचेमागची शिवण उसवून तिथला कडक पुठ्ठाच काढून टाकला. मग बूट स्वतःच्या हातानं पोराच्या पायात घातला. पोरगा मागं सरकायला लागला तसे म्हणाले, “माऊली, पाय द्या.” इतका वेळ तोंड चालवणारे मास्तर एकदम गप्प झाले.

पैसे काढले तर मामांनीच खिशातून दहाची नोट काढली. “मला सुटत न्हाई हितून. एवढी तिथं टाका.”

पोरानं ती मोबाइलच्या कव्हरमागं ठेवली. पुढच्या मुक्कामांत फोन कुणी मागितला की तो आधी नोट काढून घ्यायचा आणि मग फोन द्यायचा, आणि मावशी ते कौतुकानं बघायच्या. भानुदास-एकनाथाच्या गजरात त्याचा आवाज निघायला लागला तोही तिथूनच. बेसूर होता. टाळाची दोरी बोटांना करकचून गुंडाळायचा, बोटं निळी पडायची, ती सैल करायला मास्तरांनी शिकवलं.

पाटोदा, दिघोळ. खर्ड्याला मास्तरांनी १७९५च्या लढाईवर आख्खा तास घेतला, ऐकायला आम्ही तिघं आणि एक कुत्रं. परांड्याचा किल्ला पावसात गेला. काळ्या मातीत चपलेला शेरभर चिखल चिकटतो, काठी असेल तर खरवडता येतो, नसेल तर ती चप्पल शेतात गेलीच म्हणून समजा. करकंब, होळे, आणि दशमीला पंढरपूर.

तिथं चौघांच्या चार वाटा. पदस्पर्शाची रांग कधी दिवस खाते, कधी रात्रही, आणि पोराची रजा संपलेली. तो मुखदर्शनाच्या रांगेत गेला. मास्तर पदस्पर्शालाच उभे राहिले, हातात चटई आणि खजूर, तयारी पक्की. मावशी रांगेच्या भानगडीत पडत नाहीत. चंद्रभागेत बुडी, नामदेव पायरीला डोकं, कळसाला हात जोडले, झालं. नोट कुणाकडं द्यायची यावर मात्र खल झाला. पोरगा म्हणाला मीच टाकतो. मास्तर म्हणाले मुखदर्शन लांबून होतं, नोट पायापर्यंत गेली पाहिजे, आणि हात पुढं केला. मावशींनी कमरेची डबी काढली, चिमूटभर मशेरी लावली आणि म्हणाल्या, “दे त्यांना. रांगेत आळंदी सांगतील पुढच्याला, पन नोट घालवायचे न्हाईत.”