सें-दोमांग वाचताना

हैती म्हणजे फ्रेंचांची जुनी साखरेची वसाहत, सें-दोमांग. तिथली १७९१ ते १८०४ची गुलामांची क्रांती समजून घ्यायला बसलो, ते सी. एल. आर. जेम्स यांच्या १९३८च्या 'द ब्लॅक जॅकोबिन्स'पासून. हे त्रिनिदादचे गृहस्थ आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना 'बियाँड अ बाउंडरी'मुळे ठाऊक असतील. पुस्तक झपाटून टाकणारं आहे, पण कोण कोणाच्या बाजूनं लढतंय हेच उमजेना. बडे गोरे मळेवाले, फाटके गोरे, स्वतंत्र मिश्रवर्णीय (त्यांतले कित्येक स्वतःच गुलाम बाळगणारे), सुमारे पाच लाख गुलाम आणि वर फ्रान्स, स्पेन, इंग्लंड. खुद्द क्रांतीचा नेता तुसाँ लुव्हेर्त्युर आधी स्पेनकडून लढतो आणि १७९४मध्ये फ्रान्सकडे येतो!

मग पुस्तक बाजूला ठेवून मोठ्या कागदावर वर्षवार तक्ता आखला. ऑगस्ट १७९३मध्ये फ्रेंच आयुक्त सोंतोनाक्स उत्तर प्रांतातली गुलामी रद्द करतो. ४ फेब्रुवारी १७९४ला पॅरिस सगळ्याच वसाहतींतली. हे भरल्यावर तुसाँच्या पक्षांतरामागचं गणित दिसायला लागलं. नेमकं कशानं त्याचं मन पालटलं, यावर इतिहासकार अजून भांडतात.

तक्ता हाताशी घेऊन लॉरां दुब्वा यांचं 'अव्हेंजर्स ऑफ द न्यू वर्ल्ड' वाचलं. घटना क्रमानं, संयमानं मांडलेल्या. नवख्यानं आधी हेच घ्यावं, जेम्स नंतर. कॅरोलिन फिक यांचं 'द मेकिंग ऑफ हैती' मात्र जड गेलं. पण सेनापतींना मागे सारून मळ्यांवरचे साधे गुलाम त्यातच भेटले.

सगळ्यांत हलवून गेलं ते हैतीच्याच मिशेल-रोल्फ त्रुयो यांचं 'सायलेन्सिंग द पास्ट'. १८०२मध्ये तुसाँ आणि त्याचा सेनापती क्रिस्तोफ यांनी नेपोलियनच्या सैन्यापुढे शरणागती पत्करली, तरी काँगोत जन्मलेला कर्नल सां-सूसी डोंगरांतून झुंजत राहिला. पुढे क्रिस्तोफनंच त्याला मारवलं आणि राजा झाल्यावर मिलो गावातल्या आपल्या राजवाड्याला नाव दिलं सां-सूसी. राजवाड्याचे फोटो कुठंही सापडतात, कर्नलसाठी मात्र त्रुयोच गाठावे लागतात.

सध्या १८२५चा करार वाचतोय. गमावलेल्या मालमत्तेपोटी, म्हणजे त्यात माणसंही आली, फ्रान्सनं हैतीकडून १५ कोटी फ्रँक मागितले. तक्त्याला आणखी कागद जोडावा लागणार.