चोपण रान, कारखान्याचं जिप्सम आणि रेडियमचा दाखला

वाळवा तालुक्यातल्या आमच्या नदीकडच्या रानात ऊस गुडघ्याच्या वर सरकेना, तेव्हा माती तपासून घेतली. सामू (पीएच) ९ च्या पुढे, क्षारता ४ च्या आत, विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या बराच वर. म्हणजे चोपण, सोडियमने बिघडलेलं रान. नुसती खारपड असती तर सच्छिद्र पाइप टाकून क्षार धुऊन काढता आले असते. चोपणात मातीच्या कणांना धरून बसलेला सोडियम आधी सुटावा लागतो, आणि त्यासाठी सहसा जिप्सम वापरतात. त्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम निचऱ्यातून वाहून जातो. पहिल्या वर्षी एकरी दोन टन द्यायचं ठरलं. आमच्या शेतकरी गटातल्या बऱ्याच जणांची रानं तशीच, म्हणून ट्रक एकत्र मागवायचा होता.

पुरवठादाराने दोन भाव सांगितले. एक राजस्थानच्या खाणीचं जिप्सम, दुसरं खत कारखान्याचं फॉस्फोजिप्सम. दुसरं बरंच स्वस्त आणि पिठासारखं बारीक, त्यामुळे जमिनीत लवकर मुरणारं. सगळ्यांचा कल तिकडेच. पण गटाचं पत्र माझ्या सहीने जाणार होतं, म्हणून हे नेमकं काय आहे ते मी वाचत गेले.

रॉक फॉस्फेटवर गंधकाम्ल टाकून फॉस्फोरिक आम्ल काढतात आणि खाली हे जिप्सम उरतं. एक टन फॉस्फेट (पी२ओ५) मिळवताना साधारण पाच टन. आपल्याकडचा बहुतेक दगड मोरोक्को, जॉर्डन अशा देशांतून येतो. समुद्रतळाशी साचून बनलेल्या या दगडात मुळातच युरेनियम असतं आणि ते फुटत जाताना त्यातून तयार होणारं किरणोत्सर्गी रेडियमही. आम्ल टाकल्यावर युरेनियम बहुतेक आम्लाबरोबर जातं. रेडियमचा स्वभाव कॅल्शियमसारखा, म्हणून ते जिप्सममध्ये उतरतं. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, १६०० वर्षं. म्हणजे ज्याला आम्ही स्वस्त भूसुधारक म्हणत होतो, तो खाणीतून वर आलेल्या नैसर्गिक किरणोत्सर्गाचा उरलेला भाग होता. जगभर त्याचे डोंगर साठलेत. फ्लोरिडातले ढीग तर प्रसिद्धच आहेत.

पुरवठादाराकडे शुद्धतेचा दाखला होता. कॅल्शियम सल्फेट किती, ओलावा किती, एवढंच. रेडियमचं विचारलं तर म्हणाला, "ताई, आजवर कुणीच विचारलं नाही." मग अणुऊर्जा नियामक मंडळाचा २००९ चा निर्देश शोधून काढला. त्याप्रमाणे शेतीत वापरायला मंडळाची परवानगी लागत नाही. बांधकाम साहित्यासाठी विकायचं तर रेडियम-२२६ ग्रॅममागे १ बेकरेलपर्यंत चालतं, जास्त असेल तर दुसऱ्या मालात मिसळून तेवढ्यावर आणावं लागतं. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. कागदोपत्री आमचं काम तिथेच संपत होतं. पण आमच्या ट्रकमधल्या मालाचा आकडा कुठेच नव्हता, आणि तो हातात आल्याशिवाय सही करायला मन धजेना.

नमुना घेण्यात अवघड काही नाही. माती परीक्षणासारखंच: ढिगाच्या वेगवेगळ्या जागांवरून, थोडं आतून घ्यायचं, कागदावर पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत किलो-दोन किलोवर आणायचं. मुंबईच्या ज्या प्रयोगशाळेने नमुना घेतला, तिथल्या मॅडमनी तो वाळवला, चाळला, घट्ट झाकणाच्या डब्यात भरला आणि झाकणाची फट चिकटपट्टीने बंद केली. "आता महिनाभर याला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. रेडियममधून रेडॉन वायू निघतो. तो सुटून गेला तर मोजमाप खोटं येतं. डबा बंद राहिला की रेडॉन आणि त्याच्यापासून होणारे शिसे-२१४, बिस्मथ-२१४ हे रेडियमच्या बरोबरीला येतात, आणि मग यंत्र त्या दोघांचे गॅमा किरण मोजून रेडियम किती ते सांगतं. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवस, म्हणून सुमारे चार आठवडे थांबावं लागतं. इकडे पेरणीची घाई आणि तिकडे डबा बंद. गटातल्या लोकांना हे समजावणं हे त्या महिन्यातलं सगळ्यात जड काम होतं.

अहवाल आला. १ बेकरेलच्या निम्म्याहूनही कमी.

बैठकीत तात्यांनी सरळ विचारलं, "पोरी, ही पावडर किरणं सोडती म्हणं. मग रानात टाकायची का नाही?" मी फळ्यावर हिशेब मांडला. वाईटात वाईट, ग्रॅममागे पुरता १ बेकरेल धरू. दोन टनांत २० लाख बेकरेल. एकरातली वरची सहा इंच माती साधारण ९ लाख किलो. म्हणजे किलोमागे दोन-सव्वादोन बेकरेलची भर. जगातल्या सरासरी मातीत मुळातच किलोमागे ३० च्या आसपास रेडियम असतं. सोडियम उतरला की जिप्सम थांबतं, ते दरवर्षी टाकायचं नसतं. अमेरिकेत शेतीसाठी मर्यादा ग्रॅममागे ०.३७ बेकरेल, आपल्या बांधकामाच्या आकड्यापेक्षा पुष्कळ कडक. तिथला हिशेब शंभर वर्षं एकाआड एक वर्षी टाकत राहून पुढे त्याच जमिनीवर घर बांधलं तर, असा केलेला आहे. तात्यांनी वहीत आकडे उतरून घेतले आणि म्हणाले, "मग टाका. पर वाऱ्याचं उधळू नका."

त्यांचं ते बोलणं आम्ही पाळलं. ट्रक ताडपत्री बांधूनच आला. माल विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, बांधालगत उतरवला, कारण त्यात थोडं आम्ल आणि फ्लोराइडही असतं. फेकणाऱ्या बायकांना मास्क दिले, वारा पडल्यावर सकाळी फेकलं आणि लगेच रोटाव्हेटर फिरवला. पाठोपाठ हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून गाडला.

वाद झाला तो उरलेल्या मालावर. एकाला त्याने घराच्या भिंती लिंपायच्या होत्या, पांढराशुभ्र दिसतो म्हणून. आकडा १ च्या आत असल्यामुळे त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं. तरी मी हट्टाने नको म्हटलं. उघड्या रानात रेडॉन वाऱ्यावर जातो, पण आमच्याकडच्या छोट्या खिडक्यांच्या, रात्री दारं लावलेल्या खोलीत तो साठतो, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध पक्का आहे. उरलेलं जिप्सम शेवटी दुसऱ्याच्या चोपण पट्टीत गेलं.

तपासणीचा खर्च आम्ही वाटून घेतला. एकट्या अल्पभूधारकाने तो का सोसावा? दगडाची नवी खेप आली की कारखान्याने मोजून पोत्यावर छापावं. नत्र-स्फुरद छापतात, तसा हाही आकडा. हे मी पुरवठादाराला आणि कृषी खात्याला लेखी कळवलंय.

पुढच्या हंगामाला माल दुसऱ्या कारखान्याचा येणार आहे. तिथला दगड कोणत्या देशाचा ते विचारलंय आणि ट्रक ठरवण्याआधी दोन किलो नमुना मागवलाय. डबा महिनाभर बंद राहायचा आहे, तेव्हा मृगाच्या पुष्कळ आधी तो मुंबईला पोचवायचा आहे.