गॉल : तटाच्या आत नांदणारे शहर

श्रीलंकेच्या नैर्ऋत्य टोकाला, कोलंबोपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत, गॉल हे बंदराचे शहर आहे. बहुतेक प्रवासी जवळच्या किनाऱ्यावरील हॉटेलांतून सकाळी येतात, किल्ल्यात दोन-तीन तास फिरतात आणि संध्याकाळच्या आत परततात. माझे मत असे की गॉल पाहायचे असेल तर तटाच्या आतच मुक्काम करावा. छत्तीस हेक्टरांच्या या किल्ल्यात घरे आहेत, मशीद आहे, चर्च आहे, बौद्ध विहार आहे, वकिलांच्या कचेऱ्या आहेत, आणि सकाळी दप्तर पाठीला लावून शाळेत निघालेली मुलेही आहेत. समुद्रकाठचा किल्ला म्हटले की आम्हा कोकणातल्या माणसांच्या डोळ्यांपुढे ढासळलेले तट, वाढलेले रान आणि पुरातत्त्व खात्याचा निळा फलक येतो. गॉलमध्ये मात्र किल्ला आणि गाव यांची कधी फारकत झालीच नाही.

कोलंबो फोर्ट स्थानकातून दक्षिणेकडे जाणारी आगगाडी धरावी आणि उजव्या हाताची खिडकी मिळवावी. माऊंट लाव्हिनियापासून पुढे रूळ कितीतरी ठिकाणी समुद्राच्या इतके जवळून जातात की लाटेचे तुषार डब्यात येतात. कलुतरला काळू गंगेचे रुंद पात्र ओलांडले की नारळाच्या बागा दाट होत जातात. हिक्कडुवाच्या अलीकडे पेरलिया हे गाव लागते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी याच ठिकाणी उभी असलेली प्रवासी गाडी रुळांवरून उचलून फेकली आणि हजाराहून अधिक माणसे एका गाडीत दगावली. रस्त्याच्या कडेला उंच बुद्धमूर्ती आणि स्मारक आहे. गाडी तेथे न थांबता पुढे जाते, पण डब्यातले बोलणे थोडा वेळ आपोआप मंदावते. गॉल स्थानकात रूळ संपतात; मातरला जाणाऱ्या गाड्यांना येथून उलट दिशेने बाहेर पडावे लागते. स्थानकाबाहेर आल्यावर समोर बसस्थानक, त्यापलीकडे क्रिकेटचे मैदान आणि मैदानामागे काळपट, रुंद तट दिसतो.

आत शिरण्यासाठी इंग्रजांनी १८७३ मध्ये तट फोडून केलेला मोठा दरवाजा आहे आणि बंदराच्या बाजूला जुना दरवाजाही आहे. पहिला प्रवेश जुन्या दरवाजातून करावा. बाहेरच्या कमानीवर इंग्रजी राजचिन्ह कोरलेले आहे. बोगद्यासारख्या अंधाऱ्या वाटेने आत येऊन मागे वळून पाहिले की डच ईस्ट इंडिया कंपनीची मुद्रा दिसते. दोन सिंह, मध्ये कंपनीची आद्याक्षरे, वर कोंबडा आणि रोमन अंकांत १६६९ हे साल. मी या मुद्रेखाली बराच वेळ उभा होतो, कारण हीच कंपनी आमच्या वेंगुर्ल्यातही होती. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्याला वखार थाटली ती मुख्यतः गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या आपल्या जहाजांना रसद पुरवण्यासाठी. त्याच वैरातून मार्च १६४० मध्ये विलेम कोस्टर याच्या नेतृत्वाखाली डचांनी पोर्तुगीजांकडून गॉल जिंकून घेतले. वेंगुर्ल्याची वखार आज पडक्या भिंती आणि त्यांत रुजलेली झाडे एवढीच उरली आहे. लहानपणापासून ती पाहत आल्यामुळे, ती नांदती असताना तिच्या आसपासचे जग कसे असेल याची कल्पना मला कधी करता आली नव्हती. गॉलमध्ये ती करता आली.

डचांनी शहर आखले ते काटकोनात. पेडलर, लेन बान, चर्च, लाइटहाऊस अशा नावांचे अरुंद रस्ते एकमेकांना सरळ छेदतात आणि कोणत्याही रस्त्याने पुरेसे चालत गेले की शेवटी तट आणि त्यापलीकडे समुद्र येतो. घरे रस्त्याला लागून आहेत. पुढे खांबांची रुंद पडवी, वर उतरते कौलारू छप्पर, प्रवाळाचा दगड आणि चुना यांनी रचलेल्या जाड भिंती आणि मध्ये उघडा चौक अशी त्यांची ठेवण. दुपारी बारा वाजता रस्त्यावर पाऊल टाकवत नाही इतके ऊन असते, पण चौकाच्या कडेने बसले की वारा सतत खेळता राहतो. ज्या घरात मी उतरलो होतो तेथे पडवीतल्या वेताच्या लांब खुर्चीत आजोबा दुपारभर वर्तमानपत्र वाचत बसलेले असत आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्याशी दोन शब्द बोलून पुढे जाई. रस्त्यांच्या खाली डचांनी विटांची गटारे बांधली आणि ती अशा उताराने काढली की भरतीचे पाणी आत शिरून ओहोटीबरोबर घाण बाहेर वाहून नेई. समुद्राला तटाबाहेर थोपवून धरायचे आणि त्याच्याच चढउताराकडून शहराची सफाई करून घ्यायची, ही योजना मला तोफांच्या बुरुजांपेक्षाही मोठी वाटते.

गॉलचे बंदर या साऱ्यांहून पुष्कळ जुने आहे. इब्न बतूता चौदाव्या शतकात येथून गेला. अरब, चिनी, तमिळ व्यापाऱ्यांची जहाजे येथे लागत. पोर्तुगीजांनी किल्ला बांधायला घेतला, डचांनी तो वाढवून चौदा बुरुजांचा केला, १७९६ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. वाफेच्या जहाजांच्या काळात युरोपातून पूर्वेकडे जाणारी टपाल-जहाजे गॉलला थांबत, आणि त्यांवरून आलेली ताजी बातमी कोलंबोच्या एका वृत्तपत्राला पोहोचवण्यासाठी कबुतरे सोडली जात. मात्र हा उपसागर नैर्ऋत्येच्या लाटांना उघडा आहे आणि पाण्याखाली खडक आहेत. पावसाळ्यात, म्हणजे आपल्याकडे मोसमी वारे येतात त्याच महिन्यांत, येथे जहाज आणणे धोक्याचे असे. १८७५ पासून कोलंबोला समुद्रात लाटा अडवणारा धक्का बांधला जाऊ लागला, दहा वर्षांत तो पुरा झाला आणि मोठी जहाजे तिकडे वळली. व्यापार गेला म्हणून नवी बांधकामे झाली नाहीत, नवी बांधकामे झाली नाहीत म्हणून जुनी घरे राहिली. १९८८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात ज्या शहराची नोंद केली, ते या अर्थाने धंदा बुडाल्यामुळे वाचलेले शहर आहे.

तटावरून फेरी मारायला रमतगमत दीड तास लागतो आणि ती ऊन उतरल्यावरच करावी. जमिनीच्या बाजूला सूर्य, चंद्र आणि तारा अशा नावांचे तीन बुरूज आहेत. समुद्राच्या बाजूला निघालो की नेपच्यून, ट्रायटन, इओलस असे जलदेवतांचे आणि वाऱ्याच्या देवाचे बुरूज लागतात. दक्षिण टोकाच्या फ्लॅग रॉकवरून स्थानिक तरुण खालच्या खडकांमधल्या पाण्यात उडी मारून दाखवतात. तेथून पुढे दीपगृह आहे. मूळ दीपगृह १८४८ चे. ते जळाल्यानंतर १९३९ मध्ये हल्लीचा पांढरा मनोरा बांधला. त्याच्यासमोरच्या मीरान मशिदीचे दोन बुरूज आणि पांढरा दर्शनी भाग असा आहे की दुरून ते चर्चच वाटावे. मगरीबची अजान झाली तेव्हा तटावर पतंग उडवणारी मुले, शाल पांघरलेल्या आजी, भिक्षू, शाळेच्या गणवेशातली जोडपी अशी सारी वस्ती वारा खायला आलेली होती. उपसागरापलीकडे रुमस्सलाची टेकडी दिसते. हनुमंत संजीवनीचा पर्वत घेऊन जात असताना त्याचा एक तुकडा तेथे पडला, अशी तिथली कथा आहे, आणि तेथे औषधी वनस्पती विपुल असल्याचे गावकरी आजही आवर्जून सांगतात.

ताऱ्याच्या बुरुजाच्या बाजूने खाली पाहिले की क्रिकेटचे मैदान पूर्ण दिसते, आणि कसोटी सामन्याच्या वेळी तटावर बसून फुकट सामना पाहणाऱ्यांची दाटी होते. जुलै २०१० मध्ये याच मैदानावर मुथय्या मुरलीधरनने प्रज्ञान ओझाला झेलबाद करवून आठशेवा बळी घेतला आणि कसोटी क्रिकेटमधून निवृत्ती घेतली. भारत तो सामना दहा गड्यांनी हरला होता, तरी त्या दिवशी टाळ्या वाजवल्याचे मला आठवते. त्याआधी सहा वर्षे हेच मैदान त्सुनामीच्या पाण्याखाली गेले होते. लाट बसस्थानकात आणि बाजारात शिरली, बसगाड्या कागदासारख्या वाहून गेल्या. तटाच्या आतले शहर मात्र मोठ्या प्रमाणात बचावले. शत्रूच्या तोफांसाठी बांधलेल्या भिंती साडेतीन शतकांनंतर माणसांच्या कामी आल्या. मैदान पुन्हा उभे राहून २००७ च्या डिसेंबरात तेथे इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळली गेली.

गॉलमध्ये मी सर्वांत अधिक वेळ घालवला तो एका पडवीत, बीरळू विणणाऱ्या बाईंच्या शेजारी. ही लेस विणण्याची कला पोर्तुगीजांबरोबर या किनाऱ्यावर आली असे मानतात आणि घरोघरच्या बायकांनी ती टिकवली. मांडीएवढ्या उंचीच्या चौकटीवर गवताने भरलेला लोडासारखा गोल तक्क्या, त्यावर टाचलेला आलेखाचा कागद, कागदावरच्या ठिपक्यांत रोवलेल्या असंख्य टाचण्या आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला लाकडाची लहान लोळी. बाई दोन्ही हातांत दोन-दोन लोळ्या घेत, एकीवरून दुसरी टाकत, पीळ देत, टाचणी काढून पुढच्या ठिपक्यात रोवत आणि पुढच्या जोडीकडे वळत. लोळ्यांचा टकटक आवाज अखंड चाललेला असे, आणि त्या माझ्याशी बोलत असताना तो क्षणभरही चुकत नसे. “अक्का, हा बोटभर तुकडा व्हायला किती वेळ?” असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “मल्ली (म्हणजे धाकट्या भावा), सकाळी स्वयंपाक उरकून बसले की दुपारच्या चहापर्यंत.” त्यांच्या मुली हॉटेलात नोकरी करतात; विणकाम दोघींनाही येते, पण त्यावर घर चालत नाही. मी त्यांच्याकडून टेबलावर घालायचा रुमाल घेतला आणि त्यांनी सांगितलेलीच किंमत दिली. अशा कामाला घासाघीस करू नये, असे मला मनापासून वाटते.

जेवणात मालवणी माणसाला परकेपणा वाटत नाही. सकाळी तांदळाच्या शेवयांच्या चकत्या नारळाच्या दुधाच्या पिवळ्या रसाबरोबर देतात. आमच्या शिरवाळ्यांचा रस गोड असतो, त्यांचा हळद-मिरचीचा, एवढाच फरक. सोबत पोल सांबोल असते, म्हणजे ओले खोबरे, लाल मिरची, कांदा, लिंबू आणि सुकवलेल्या माशाचा चुरा एकत्र कुटलेली चटणी. पण गॉलकडचा खरा पदार्थ म्हणजे अंबुल तियल. कुप्याचे, म्हणजे ट्यूना माशाचे, जाड तुकडे गोरका या आमसुलाच्याच कुळातील आंबट फळाच्या आणि मिरीच्या वाटणात माखून मातीच्या भांड्यात केळीच्या पानावर रचतात आणि पाणी आटेपर्यंत मंद आचेवर ठेवतात. तुकडे काळे, कोरडे होतात आणि फ्रिजशिवाय दिवसेंदिवस टिकतात. शेवटी म्हशीचे मातीच्या परळातले दही आणि त्यावर कितुल माडाचा काकवीसारखा पाक.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. डच वंशाची बर्घर कुटुंबे गेल्या शतकात ऑस्ट्रेलियाला निघून गेली, आणि अलीकडे घरांच्या किमती एवढ्या वाढल्या आहेत की मुसलमान आणि सिंहली कुटुंबेही वाडे विकून तटाबाहेर राहायला जात आहेत. त्या वाड्यांची महागडी हॉटेले आणि दागिन्यांची दुकाने होतात. जुन्या डच इस्पितळातही आता उपाहारगृहे आहेत. दुरुस्तीला पैसा यातूनच येतो, हे खरे. तरीही ज्या पडवीत आजोबा वर्तमानपत्र वाचतात ती पडवी उद्या स्वागतकक्ष झाली, तर उरेल ते देखणे बाजारपेठेचे संकुल. म्हणून जाणाऱ्यांनी शक्यतो तिथल्याच रहिवाशाने चालवलेल्या घरात उतरावे. साध्या, स्वच्छ खोल्या अजून मिळतात. डिसेंबर ते मार्च हे महिने उत्तम.

परतताना कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात गॉलचा त्रिभाषी शिलालेख अवश्य पाहावा. चिनी दर्यासारंग झेंग ही याच्या मोहिमेने १४०९ सालचा हा लेख आणला. पुढे तो हरवला आणि १९११ मध्ये गॉलच्या एका रस्त्याच्या मोरीवर झाकण म्हणून घातलेला सापडला. एकाच शिळेवर चिनीत बुद्धाला, तमिळमध्ये विष्णूचा अवतार मानलेल्या तेनवरै नायनाराला आणि फारसीत अल्लाला, अशा तिघांना अर्पण केलेल्या सोने, रुपे, रेशीम आणि तेलाच्या याद्या आहेत. चिनी आणि तमिळ अक्षरे बऱ्यापैकी दिसतात, फारसी मजकूर मात्र फार झिजला आहे. तट पाहण्याआधी ही शिळा पाहिली असती तरी चालले असते, पण गॉलच्या गल्ल्यांतून हिंडल्यावर ती पाहताना, पोर्तुगीज येण्याच्या शंभर वर्षे आधी या बंदरात कोणकोण उतरत होते, ते नेमके उमगते.